छापून आल्यावर

पेन्टिला संपादक फोनवर काहीतरी चघळत बोलतो.
म्हणाला, परीक्षणं नकोत, ती लोक फुकट लिहितात.
मृत्युलेख लिहाल का?
म्हणजे अजून न गेलेल्यांचे.
खणात तयार असावेत. रात्री अकराला कुणी गेलं
तर धावाधाव नको.

शब्दाला अठरा सेंट. सहाशे शब्द.
पैसे छापून आल्यावर.

मी हो म्हणाले. भाडं पाच तारखेला होतं,
आणि नोव्हेंबरात ताम्पेरेमध्ये दुपारी तीनलाच
नाही म्हणायचं बळ मावळतं.

त्याआधीचा महिना सांगते.
एका ऑर्गनवादकाच्या रेकॉर्डला मलपृष्ठावरचा मजकूर,
मोबदला म्हणून तीस प्रती
(सव्वीस अजून पलंगाखाली आहेत).
जॅझ महोत्सवाची पुस्तिका: तुमचं नाव तर होईल!
नाव झालं. राईच्या पावावर ते लावता येत नाही.
एकवीस पत्रं पाठवली. उत्तरं दोन,
त्यातलं एक, कार्यालय सुट्टीमुळे बंद आहे.

यादीत पहिला तावेत्ती कूस्निएमी.
अकॉर्डियन. टँगो. वय सत्त्याऐंशी.

बसने तासभर. तळ्याकाठी लाकडी नाचघर,
हिरवा रंग अर्धा उडालेला.
गुरुवारी दुपारी तिथे म्हातारे नाचतात.
बर्फाचे बूट भिंतीशी रांगेत,
पायांत पिशवीतून आणलेले नाचाचे जोडे.
तो खुर्चीत, अकॉर्डियन मांडीवर,
झोपेत जड झालेल्या पोरासारखं.
मग त्याने भाता उघडला

आणि मी वही मिटली. असं मी करत नाही.
डाव्या हाताखालचं एक बटण मुकं होतं.
त्या रिकाम्या जागेशी तो दर वेळी
बरोबर तेवढाच थांबायचा,
जणू तिथे कुणी बसलंय,
त्याला धक्का न लावता पुढे जायचंय.
नाचणारेही थांबायचे. पावलांना सवय होती.

मध्यंतरात कॉफी. म्हणाले, लेख लिहितेय.
कसला?
एक… आढावा.
त्याने साखरेचा खडा दातांत धरला,
कॉफी त्यावरून ओढली. कधी छापणार?
मी कपात पाहिलं.
हां, म्हणाला. गेल्या वर्षी हेल्सिंकीहून एक मुलगा आला होता.
त्यालाही तारीख माहीत नव्हती.
किती शब्द?
सहाशे.
ऑस्मो रांतालाला किती दिले?
साडेचारशे, असं ऐकलंय.
तो इतका खूश झाला की स्वतःच्या खिशातून
मला दुसरा कप पाजला
आणि दुरुस्त्या सांगायला बसला:
जन्म गावातला नाही, बोटीवरचा.
बायको एकच. दुसरी म्हणतात ती गायिका होती,
तिने फक्त थकलेला पगार मागितला होता.
मुक्या बटणाचं लिही. दुरुस्तीला पैसे आहेत, करायची नाही.
आणि वय पेन्सिलीने.

निघताना नाचघराच्या सिल्याबाई आडव्या आल्या.
उन्हाळी हंगामाचं पत्रक लिहाल? आठ ओळी.
चाळीस युरो, तिथल्या तिथे, बिस्किटांच्या डब्यातून, चिल्लर धरून.
वर धुरी दिलेला मासा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
पान नेमकं संगीताचं होतं.
बसमध्ये तेल पुसून पाहिलं, कुणी लिहिलंय.

तिसरं वर्ष चालू आहे. लेख खणातच.
एकशेआठ युरो
एका माणसाच्या श्वासाला बांधलेले.
भाडं थकलं की हिशेबाच्या वहीत
'येणे' या रकान्यावर नजर जाते,
मग स्वतःचीच लाज वाटते,
मग मी उठून भांडी घासते.

जानेवारीत त्याच्या वाढदिवशी फाइल उघडते.
सत्त्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी केले. मग एकोणनव्वद.
यंदा नव्वद.
शब्द काढून शब्द घातला, संख्या तीच.
पेन्टिला म्हणाला, बदलांचे वेगळे पैसे मिळणार नाहीत.

मागितलेत कुणी.